संपलेल्या सेलमधला उजेड

आपल्या बेटावरील बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या एखाद्या खणात एक पत्र्याचा डबा असतो. बिस्किटांचा असतो, पण त्यात बिस्किटे कधीच नसतात. कोणत्या कुलपाच्या हे कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या, काडी मोडलेला चष्मा, सुतळीचा गुंडा, आणि तळाशी आठ-दहा जुने सेल. "पिल फिन फिनी" असे म्हणून कुणीतरी ते रिमोटमधून किंवा पोराच्या खेळण्यातून काढलेले असतात. टाकवत नाहीत म्हणून ते डब्यात जातात आणि दिवाळीच्या साफसफाईला एकदम कचऱ्यात. वाचक बंधुभगिनींनो, आज आम्ही या डब्याविषयीच लिहिणार आहोत; कारण त्यातले बरेचसे सेल संपलेले नाहीत.

सेल संपला म्हणजे नेमके काय होते? नवा साधा सेल दीड व्होल्टचा असतो. वापरता वापरता त्याचा दाब हळूहळू उतरत जातो. तो १.२ किंवा १.१ व्होल्टच्या आसपास आला की खेळण्यातली मोटार कुथू लागते, विजेरीचा दिवा लालसर होतो, कॅमेरा तर त्याआधीच संप पुकारतो. आपण म्हणतो, सेल मेला. वास्तविक छपरावरच्या पाण्याच्या टाकीचा नळ तळापासून वीतभर उंच बसवावा, तसा हा प्रकार आहे. नळाला पाणी येईनासे झाले तरी टाकीत पाणी उरलेले असते; ते वर चढवणारे काही हवे.

आमच्या ओळखीच्या एक आजी सांगतात की त्यांचे वडील विजेरीचे सेल दुपारच्या उन्हात, तांदूळ वाळवावेत तसे मांडून ठेवीत, आणि संध्याकाळी विजेरी पुन्हा थोडी पेटे. नातवंडांना ही गोष्ट थट्टेची वाटते. ती थट्टेची नाही. त्या काळच्या जस्त-कार्बनच्या सेलना विश्रांती आणि थोडी ऊब मिळाली की त्यांचा दाब जरासा सावरत असे. त्या गृहस्थांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. सेलमध्ये काहीतरी उरले आहे एवढे मात्र त्यांनी बरोबर ओळखले होते. (आजचे अल्कलाइन सेल उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नयेत, ते गळतात, आणि फार तापल्यास फुटतातही.)

ते उरलेले बाहेर काढण्याची एक फार सोपी युक्ती आहे. इंग्लंडमधील ‘एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकात नोव्हेंबर १९९९ मध्ये झेड. कापार्निक यांनी एकाच सेलवर पांढरा एल.ई.डी. दिवा पेटवणारी एक छोटी जोडणी छापली. एक ट्रान्झिस्टर, एक रोधक, एक लोहकडे आणि थोडी तार, बस्स. तिच्यामागचे तत्त्व रेडिओच्या जुन्या जमान्यापासून माहीत होते, पण पांढरे एल.ई.डी. तेव्हा नुकतेच हाती येऊ लागले होते आणि त्यामुळे या जोडणीचे सोने झाले. पुढे तिला ‘जूल थीफ’ हे नाव पडले. जूल हे ऊर्जा मोजण्याचे माप, जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावावरून ठेवलेले. १९६७ साली विजय आनंद यांचा ‘ज्वेल थीफ’ पडद्यावर आला. देव आनंदची ती टोपी ज्यांना आठवते त्यांना या नावातली गंमत समजावून सांगायला नको. आपण मराठीत तिला ‘जूलचोर’ म्हणू. मेलेल्या सेलच्या खिशातले शेवटचे सुटे पैसे काढून घेणारा चोर.

आता साहित्य. आमचा आग्रह असा की यातले शक्य तेवढे घरातूनच जमवावे, कारण निम्मी मजा शोधण्यात आहे.

लोहकडे म्हणजे फेराइटचे कडे. ते कुठे मिळेल? जुन्या संगणकाच्या, प्रिंटरच्या किंवा पडद्याच्या वायरीला टोकाजवळ एक जाड गाठ असते, अजगराने कोंबडी गिळावी तशी. त्या गाठीत काळ्या फेराइटची नळी असते. ब्लेडने वरचे प्लास्टिक उभे चिरून ती सोडवून घ्यावी. हातोडीने ठोकू नये. फेराइट दिसते लोखंडासारखे, पण फुटते मातीच्या पणतीसारखे. काही गाठी चिमट्यासारख्या उघडतात; त्यांची दोन अर्धुके नीट मिटून घट्ट बांधली तर त्याही चालतात. काही जण हेच कडे विजेच्या बिघडलेल्या पिळदार दिव्यातून काढतात. आमचा त्याला स्पष्ट विरोध आहे. त्या काचेत पारा असतो, आणि पाच रुपयांच्या कड्यासाठी घरात पारा सांडून घेण्यात शहाणपण नाही.

तार हवी दोन रंगांची, प्रत्येकी अर्धा मीटर. टेलिफोनच्या किंवा संगणकाच्या जाळ्याच्या टाकाऊ वायरीत अशा बारीक, एकतारी तारा जोडीने वळलेल्याच मिळतात. ट्रान्झिस्टर बी.सी. ५४७, बी.सी. ३३७ किंवा २ एन ३९०४, यांपैकी कोणताही. रोधक एक हजार ओहमचा. त्याच्यावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे ओळीने दिसतील. पांढरा एल.ई.डी. एखाद्या मोडलेल्या विजेरीतून किंवा दिवाळीच्या बंद पडलेल्या माळेतून काढता येतो. ट्रान्झिस्टर आणि रोधक मात्र टी.व्ही. दुरुस्त करणाऱ्याकडे मागावेत. अशा दुकानांत आम्हांला आजवर कुणी नाही म्हटलेले नाही; उलट मुलगा सोबत असेल तर दुकानदार खुर्ची देतो आणि अर्धा तास बोलत बसतो.

कृती अशी. हिरवी आणि नारिंगी (रंग तुमच्याकडे असतील ते) अशा दोन्ही तारा जोडीने धरून कड्यातून ओवाव्या आणि दहा वेढे द्यावे, सुईत दोरा दुहेरी ओवून गोधडीला टाके घालतो तसे. आता सुरुवातीला दोन टोके आहेत, एक हिरवे, एक नारिंगी. शेवटालाही तशीच दोन. सुरुवातीचे हिरवे आणि शेवटचे नारिंगी एकत्र पिळावे. ही पिळलेली जोडी सेलच्या धन टोकाला, म्हणजे बोंडी असलेल्या टोकाला जाते. या पावलाला घाई करू नये. एकाच बाजूची दोन टोके पिळली तर दिवा कधीही पेटणार नाही, आणि दहातले आठ जण नेमके तेच करतात.

उरली दोन टोके. शेवटचे हिरवे ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडावे. सुरुवातीचे नारिंगी रोधकाच्या एका पायाला, आणि रोधकाचा दुसरा पाय ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला, म्हणजे बेसला. एल.ई.डी.चा लांब पाय कलेक्टरला, आखूड पाय एमिटरला. एमिटर सेलच्या ऋण टोकाला. झाले.

ट्रान्झिस्टरचे पाय ओळखण्यात एक खोच आहे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले असता बी.सी. जातीत डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो. २ एन ३९०४ मध्ये बरोबर उलटा, डावीकडे एमिटर आणि उजवीकडे कलेक्टर. दिसायला दोघे जुळे भाऊ. बेस दोघांत मधोमध असतो, एवढाच दिलासा.

झाळण नसले तरी चालते. तारांची टोके सोलून, पिळून, वर चिकटपट्टी लावली की पहिल्या प्रयोगाला पुरे. झाळणाची कला पुढे येईल. तेव्हा शिसे नसलेली झाळणतार घ्यावी, खिडकी उघडी ठेवावी आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

दिवा पेटला की लहानमोठे सगळे एकदम गप्प होतात, असा आमचा अनुभव आहे. पांढऱ्या एल.ई.डी.ला पेटायला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि सेलमध्ये तर एक व्होल्टही धड नाही. मग हे होते कसे? मुले विचारतात, आणि विचारलेच पाहिजे.

घरातला नळ जोरात सोडावा आणि एकदम बंद करावा. भिंतीतला नळ ‘धक्’ करून हादरतो. वाहते पाणी अचानक अडले की त्याचा जोर क्षणभर टाकीच्या दाबाहून कितीतरी वाढतो, त्याचा तो धक्का. तारेच्या वेढ्यांतून वाहणाऱ्या विजेचेही असेच आहे. ट्रान्झिस्टर हा इथे नळाची चावी. बेसमधून थोडी वीज शिरली की चावी उघडू लागते. पहिल्या वेढ्यांतून प्रवाह वाढू लागतो आणि कड्यात चुंबकत्व साठते. ते वाढते चुंबकत्व शेजारच्या दुसऱ्या वेढ्यांत दाब निर्माण करते आणि चावी आणखी उघडते. मग एक क्षण असा येतो की प्रवाह आणखी वाढू शकत नाही. वाढ थांबली की दुसऱ्या वेढ्यांतला दाब ओसरतो, चावी खाडकन बंद होते, आणि अडलेला प्रवाह उसळी मारून एल.ई.डी.तून वाट काढतो. लखकन उजेड! पुन्हा चावी उघडते. हे सगळे एका सेकंदात हजारो वेळा घडते, म्हणून डोळ्याला दिवा अखंड जळताना दिसतो. शेजारचे दोन वेढे उलटसुलट का जोडायचे तेही आता कळेल: सुलट जोडले तर दुसरे वेढे चावी उघडण्याऐवजी दाबून धरतात.

सेलचा दाब साधारण ०.६ व्होल्टपर्यंत उतरेतो ही चोरी चालते. दिवा किती वेळ जळेल हे सेलमध्ये काय उरले त्यावर. कधी एक रात्र, कधी काही दिवस. शेवटी शेवटी उजेड काजव्याएवढा होतो. त्यात वर्तमानपत्र वाचता येणार नाही, पण जवळ धरून औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचता येते, पायरी दिसते, पाण्याचा तांब्या सापडतो.

हे आम्ही उगीच लिहीत नाही. १९६० सालच्या जानेवारीत आलेले अलिक्स आणि पाठोपाठ फेब्रुवारीतले कॅरोल ज्यांनी पाहिले ते आता आजी-आजोबा आहेत. त्या दोन सिक्लोननी पत्र्याची आणि लाकडाची घरे उडवली आणि आपले बेट काँक्रीटच्या छपराखाली आले. ६ फेब्रुवारी १९७५ चे जेर्वेझ त्याहून अधिक जणांना आठवते. आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलालने पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून नेल्या, ते तर मुलांनीही पाहिले. घर आता पडत नाही, पण वीज आजही जाते. दारे-खिडक्या बंद करून बसलेल्या घरात लाबुजी पेटवायची, शेजारी पडदे, सभोवती लहान मुले: हे आम्हांला कधीच पसंत पडलेले नाही. बाजारात चांगल्या विजेऱ्या मिळतात आणि त्या जरूर घ्याव्यात. जूलचोर ही त्यांची जागा घेणारी वस्तू नव्हे. पण तिसऱ्या रात्री विजेरीचे सेल बसतात आणि दुकाने बंद असतात. त्या वेळी डब्यातल्या मेलेल्या आठ सेलांना मोल येते.

दिव्याला रूप काय द्यावे, यात प्रत्येकाने आपली हौस करावी. आम्हांला सर्वांत आवडते ती करवंटी. खोबरे काढून झाल्यावर करवंटी काचेच्या तुकड्याने खरवडावी, घासकागदाने गुळगुळीत करावी आणि खोबरेल चोळावे, शिसवीसारखी चमकते. तिला बारीक गिरमिटाने भोके पाडून आत एल.ई.डी. बसवला की भिंतीवर चांदण्या पडतात. दुधाच्या किंवा रसाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून चंदेरी कागद असतो. ते कापून मागे लावल्यास उजेड दुप्पट वाटतो. दिवाळीचा आकाशकंदील तर यासाठीच जन्माला आला आहे. बांबूच्या कामट्या किंवा नारळाच्या झावळीचे हीर बांधून सांगाडा करावा, पतंगाचा कागद डकवावा. आत विजेची वायर न्यायला नको, पावसाची भीती नको, आणि एल.ई.डी. इतका थंड की कागदाला चटका लागत नाही. गणेश चतुर्थीच्या मखरातही असे चार-पाच दिवे शोभतात. प्रत्येकाला त्याचा सेल वेगळा द्यावा. एका जुन्या सेलवर पाच दिव्यांचा भार टाकू नये.

ब्राझीलमध्ये आल्फ्रेदो मोझेर या कारागिराने २००२ मध्ये पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली छपराला भोक पाडून बसवली आणि दिवसा अंधाऱ्या खोलीत सूर्याचा उजेड आणला. फिलिपाइन्समधून ती युक्ती पुढे अनेक देशांत पसरली. सुंदर कल्पना आहे. पण सिक्लोनच्या बेटावर कुणी छपराला भोक पाडू नये, ही आमची विनंती.

टाकाऊतून विज्ञान हा विषय निघाला की पुण्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.तून १९७५ साली बाहेर पडलेले अभियंते. पुण्यात मालमोटारींच्या कारखान्यात नोकरी, मग १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या खेड्यांतील शाळांचा विज्ञान-उपक्रम, आणि तेथे त्यांना गवसली ती आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. नळीचे तुकडे सांधे, काड्या हाडे. त्यांतून मुले त्रिकोण, चौकोन, घरे बांधू लागली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत, आणि ती त्यांनी सर्वांना फुकट वाचायला खुली ठेवली आहेत.

त्यांनी मुलांच्या हाती दिलेली एक वस्तू आमच्या घरातही फिरते: सेलवरची मोटार. एका नव्या सेलच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबच्या रबराने एकेक सेफ्टी पिन उभी बांधावी. मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे दहा वेढ्यांचे कडे करून त्याची दोन टोके दोन बाजूंना सरळ काढावी आणि पिनांच्या डोळ्यांत अडकवावी. एका टोकाचा मुलामा सगळीकडून खरवडावा, दुसऱ्याचा फक्त एका अंगाने. सेलवर एखाद्या फुटक्या ध्वनिक्षेपकातले चुंबक ठेवावे आणि कड्याला बोटाने टिचकी मारावी. ते भिरभिरू लागते. अर्ध्या अंगाने खरवडण्याचे कारण मुलांना सांगू नये, आधी दोन्ही टोके पूर्ण खरवडून पाहू द्यावे. कडे एका जागी थरथरत राहील. मग त्यांच्या डोक्यात जो प्रश्न उभा राहतो त्याची सर कोणत्याही धड्याला नाही. सेल तापू लागला तर लगेच सोडवावा.

आणखी काही गोष्टी घरातल्या मोठ्यांसाठी. भिंतीतल्या विजेशी या खेळांचा काडीचाही संबंध येऊ देऊ नये. जुना टी.व्ही. किंवा संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा, बंद असला तरी, मुलांनी उघडू नये. आत साठलेली वीज धक्का देते. मोबाईलची बॅटरी कापू अथवा टोचू नये, ती पेट घेते. नाण्याएवढे चपटे सेल लहान मुलांच्या हाती लागूच देऊ नयेत. गिळल्यास ते अन्ननलिका जाळतात, आणि तसा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे. पुन्हा भारता येणारे सेल जूलचोराला लावू नयेत. एवढे खोल उपसले तर ते कायमचे बिघडतात. आणि ज्या सेलभोवती पांढरी बुरशीसारखी पूड दिसेल त्याला हात न लावता पिशवीत गुंडाळून बाजूला करावे.

जूलचोर करायचाच असेल तर नोव्हेंबर उजाडण्यापूर्वी करावा. तिसऱ्या वर्गाचा इशारा लागल्यावर ट्रान्झिस्टर शोधायला कुणी निघत नाही. तयार दिवा झाकणाच्या काचेच्या बरणीत, थोड्या कोरड्या तांदळावर ठेवावा, म्हणजे दमट हवेने तारांना गंज चढत नाही. सेल मात्र बाहेर काढून शेजारी ठेवावा, नाहीतर बरणीत तो बिचारा कुणी न पाहता जळत राहील.